गाडी बांधायचा दिवस

सुमन,

तुझ्या तेराव्याला जेवणं उरकल्यावर मालू माझ्याशेजारी येऊन बसली. तुझी पाठची बहीण, तिला बोलायचा हक्क आहे. पदराला हात पुसत म्हणाली, "बरां झालां म्हणा भावोजी. आईसारखां सगळां इसरायच्या आदी गेली. हाल चुकले बिचारीचे." बाजूच्या दोघीतिघींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर "होय गो" म्हणालो.

त्या एका "होय"पायी हे लिहायला बसलोय. तुझं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं, आणि लोकांना ते तसं का वाटत नव्हतं हे जगात फक्त मला ठाऊक होतं. तरी तुझ्याच तेराव्याला, तुझ्याच ओटीवर बसून मी तुला विसरभोळी ठरवलं आणि पान खाल्लं.

आधी मालवणीत लिहायला घेतलं होतं. दोन ओळींत तुझ्यावर डाफरायला लागलो. चाळीस वर्षांची सवय, ती काय तू गेलीस म्हणून जाते? म्हणून शाळेत शिकवलेल्या भाषेत लिहितोय. या भाषेत आपण कधी भांडलो नाही, त्यामुळे जीभ जरा आवरते.

काल गाडी बांधली. शुभाच्या सासरी कोल्हापुरात अजून कुणाला कळत नाही की गाडी बांधायची म्हणजे काय. दावं लावून खुंटाला बांधतात की काय, असं तिचे सासरे विचारतात. त्यांना मी दरवेळी सांगतो, की व्याही, आमच्याकडे चार महिने पाऊस आभाळातून पडतो तसा भिंतीतून आणि जमिनीतूनही येतो. माणूस आगोटीला मीठ-मिरची, सुकी मासळी, लाकूडफाटा भरून घरात बसतो, तशी गाडीचीही आगोट करावी लागते. नाही केली तर दसऱ्याला तिच्यातून अळंबी काढायची.

खरं तर ही गाडी माझं खूळ. तीस वर्षं एसटीची लाल गाडी फोंड्याच्या आणि आंबोलीच्या घाटातून चढवली-उतरवली, आणि निवृत्त झाल्यावर एखादा माणूस सुपारीच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला असता. मी जुना टेम्पो आणला, आतली आसनं उपटली, पलंग ठोकला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी टांगली. वाडीत म्हणाले, म्हाताऱ्याक चळ लागलो. तू काही म्हणाली नाहीस. तू फक्त विचारलंस, "मसाल्याचे डबे खंय ठेवचे?" तेव्हाच मला कळलं, की तू येणार.

आणि तुला तर गाडी लागायची! ड्रायव्हरची बायको, आणि पहिल्या वळणाला तोंड पांढरं. आठ हंगाम तू माझ्या शेजारी तोंडात आमसूल धरून बसलीस आणि मला वाटत राहिलं, की तुला आमसुलं आवडतात. सहाव्या वर्षी शुभाने सांगितलं. मी तुला विचारलं तर म्हणालीस, "बाहेरचा बघूक गावता मां, मगे पोटाचा काय तां." हे मी कुणाकुणाला कौतुकाने सांगितलं. तुला नाही सांगितलं.

वरच्या गावातली ती हौसाबाई आठवते? तुला आठवणारच. फोंड्याचा घाट चढून गेल्यावर एका देवळाच्या पाराजवळ आपण गाडी लावली होती. पांढरी गाडी, मागे दार, दाराला पायरी. अर्ध्या तासात म्हाताऱ्या माणसांची रांग लागली. डोळे तपासायची गाडी आली असं गावभर झालं होतं. मी ओशाळून इंजिनात तोंड खुपसलं. तू मात्र पहिल्या म्हातारीला पायरीवर बसवलंस, बॅटरी मारून तिच्या डोळ्यांत नीट पाहिलंस आणि म्हणालीस, "डावीकडचा पिकलाय. मोठ्या डॉक्टरकडे जा." मग सगळ्या रांगेला घावणे घातलेस. म्हातारी जाताना म्हणाली, "डाक्तरीणबाई लई ग्वाड हाय." परतीच्या वाटेवर तुझा घाट हसण्यात उतरला, तुला गाडी लागायचाही विसर पडला.

बघ, "विसर" हा शब्द आलाच. आता जे सांगायचं ते सांगतो.

गाडी बांधायच्या दिवशी आपली वाटणी ठरलेली होती. बाहेरचं माझं, आतलं तुझं. मी खालून गोड्या पाण्याने मीठ धुवायचो, कारण कुणकेश्वरच्या वाळूत लावलेली गाडी पुढे वर्षभर मीठ ओकत राहते. चाकं उचलून चिऱ्यांवर घ्यायचो. बॅटरीच्या तारा सोडून टोकांना ग्रीस. डिझेलची टाकी गळ्यापर्यंत, धुराड्यात चिंध्यांचा बोळा. हँडब्रेक सोडून चाकांना पुढून-मागून दगड, कारण ओढून ठेवला तर चार महिन्यांत तो तसाच धरून बसतो. वर बांबूचा मांडव आणि त्याच्यावर झाप, नारळाच्या विणलेल्या झावळांचे. तू आत दार ओढून दोन-दोन तास काय करायचीस मला माहीत नव्हतं. मी बाहेरून ओरडायचो, "लग्नाक चललंस काय गो?" तू आतून ओरडायचीस, "तुमच्या टायराक हवा मारा."

आणि दरवर्षी शेवटी एक भांडण. छपरातलं झाकण. स्वयंपाकाची वाफ जावी म्हणून मीच ते बसवलेलं, आतून मूठ फिरवली की वर उचललं जातं. तुझं म्हणणं, पावसाळाभर ते दोन बोटं उघडं ठेवायचं. "गाडयेक वारो होयो. कोंडलास तर कुसतली." माझं म्हणणं, घट्ट लावायचं. "पाऊस आत इलो तर?" "वर झाप आसत." "उंदीर?" "जाळी आसा." मी म्हणायचो, तीस वर्षं गाड्या कुणी चालवल्या? तू म्हणायचीस, तीस वर्षं कपाटं कुणी सांभाळली? आणि झाकण उघडं राहायचं, कारण आतलं तुझं.

तीन वर्षांपूर्वी तू सगळं आवरून मालूकडे फणसाची वाळवलेली साटं आणायला गेलीस. मी आत शिरलो आणि मूठ फिरवून झाकण घट्ट लावून टाकलं. वरून ताडपत्रीही आवळली. मनात म्हटलं, दसऱ्याला कोरडी ठणठणीत गाडी उघडेन आणि मग हिला सांगेन, बघ, मी झाकण लावलं होतं. तुला एकदा तरी हरवायचं होतं मला.

दसऱ्याला गाडीची पूजा. वाडी जमली होती, मालू होती, तिच्या सुना होत्या. मी झेंडूचा हार हातात घेऊन दार उघडलं आणि आतून असा भपकारा आला, की लोक दोन पावलं मागे सरले. सगळं हिरवं-काळं. पलंग, कपाटं, गाद्या. आणि तुझ्या आईची वाकळ, नऊवारी पातळांची, तिने स्वतः शिवलेली, जी तू घरात न ठेवता मुद्दाम गाडीत ठेवायचीस, कारण तुझी आई जन्मात वाडीबाहेर गेली नव्हती. तू तिला फिरवून आणायचीस. ती वाकळ उचलली तर हातात तिचे तुकडे आले.

तू वर पाहिलंस. झाकण बंद. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाहीस. हळूच म्हणालीस, "झाकण माझ्याच हातान लागला की काय ओ?"

आणि मी, हार तसाच हातात धरून, सगळ्यांसमोर म्हणालो, "मगे कोणाच्या? आत तूच होतंस मां. आत माझा काय काम?"

बस, एवढंच. एका दमात बोललो आणि सुटलो. तीस वर्षांत गाडीला ओरखडा न पडू दिलेला माणूस वाडीसमोर कसा चुकणार? रात्रीपर्यंत सांगेन म्हटलं. मग म्हटलं, वाकळीचं दुःख ओसरलं की सांगेन. तू ती तीनदा धुतलीस, डाग जाईनात. शेवटी माडाच्या मुळात पुरलीस. त्यानंतर सांगण्यासारखी वेळ आली नाही, असं म्हणायची सोय मी करून घेतली.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. तुझ्या आईने शेवटची चार वर्षं तुला "बाय, तू कोणाची गो?" असं विचारलेलं मी समोर बसून ऐकलं होतं. तुला सगळ्यात कशाची धास्ती होती ते मला माहीत होतं. आणि त्या दसऱ्यापासून तू सगळं तीनतीनदा बघायला लागलीस. गॅस, कडी, नळ. एकदा अर्धा घाट चढल्यावर म्हणालीस, "गॅस बंद केलंय काय ओ मी?" मी गाडी वळवली, फोंड्यापर्यंत खाली आलो, बाजारात लावून मागे शेगडीपाशी जाऊन पाहिलं. बंद होता. चढताना मी काय म्हणालो? "आता तुझ्या गळ्यात नाव लिवन बांधूक होया." तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. मला वाटलं, गाडी लागली असेल.

पुढच्या वर्षी त्याच देवळाजवळ हौसाबाई भेटली. तू लांबूनच हाक मारलीस, नावाने. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का विचारलंस, सुनेचे दिवस भरत आले होते तिला मुलगा झाला की मुलगी विचारलंस. दोन वर्षांपूर्वी तासाभरापुरती भेटलेली बाई! मी तिथे तुझ्या शेजारी उभा होतो. मला तिथेच म्हणता आलं असतं, "अगो, तुका सगळां आठावता. झाकण मी लावलेलंय." मी टायरला लाथ मारून हवा बघितली.

तर काल. शुभा अजून इथेच आहे. मृग तोंडावर आला, गाडी उघडी राहायला नको म्हणून आम्ही दोघं सकाळीच लागलो. बाहेरचं मी दुपारपर्यंत उरकलं. मग आत शिरलो, आणि चहा करायला सांगितलेल्या पाहुण्यासारखा उभा राहिलो. कुठे हात घालायचा? शुभाला थोडंफार माहीत होतं. टाकी रिकामी करून नळ उघडा टाकायचा. गाद्या घरात माळ्यावर, प्लास्टिकमध्ये नाही, जुन्या सुती लुगड्यात. कपाटांच्या दारांत नारळाच्या सोडणाचा, सुक्या सालीचा एकेक तुकडा, म्हणजे दार लागत नाही आणि आत वारा फिरतो. फळीवर वाडग्यांतून लाकडी कोळसा. निगडीचा पाला कोपऱ्याकोपऱ्यात. मी एकेक करत गेलो आणि मला कळलं, की तू दोन तास आत एकच काम करायचीस, हवेला वाट ठेवायचं. कुठेही काही कोंडून ठेवायचं नाही. आणि तेवढ्या एका गोष्टीवर मी तुझ्याशी वर्षानुवर्षं भांडलो.

शेवटी शुभा पलंगावर चढली आणि वर बघून म्हणाली, "बाबा, ह्या झाकण उघडां रवांदेत हां. आई एकदा इसारली होती, सगळां कुसला."

म्हणजे पोरीनेही तेच धरलेलं. उद्या ती तिच्या मुलांना तेच सांगणार. तुझी नातवंडं म्हणणार, आमची आजी विसरायची. मी गाडीच्या पायरीवर बसलो.

म्हणालो, "आई इसारूक नाय होती. ता झाकण मी लावलेलंय."

तिला आधी कळलंच नाही. मी सगळं सांगितलं, साटं आणायला गेलीस तिथपासून. ती पलंगावरून उतरली नाही. मग म्हणाली, "रोज सांजेक माका फोन करायची. दिवसभराचा सगळां सांगायची. सकाळी काय रांधलां, कोण इलो, कोण काय बोललो. तुमका वाटायचा ती गजाली मारता. बाबा, ती माझ्याकडे पाठ म्हणून दाखवायची. काल सांगितलेला मी दुसऱ्या दिवशी इचारूक होया, आणि चुकलां तर सांगूक होया. तीन वर्सां. एकदाय चुकली नाय."

मी म्हटलं, "माका कित्याक नाय सांगलां?"

"नको म्हणायची. बाबांका कळलां तर ते गाडी इकून माका सांभाळीत बसतले, म्हणायची. तेंचो जीव गाडयेत आसा."

सुमन, तू कोल्हापूरला शुभाकडे चार दिवस राहायला गेली होतीस, तेव्हा डोक्याच्या डॉक्टरकडेही गेली होतीस म्हणे. त्याने सगळं तपासून सांगितलं, काही झालेलं नाही. तू शुभाला म्हणालीस, त्यांना काय कळतं, झाकण माझ्या हातून लागलं ते खोटं का? डॉक्टरच्या सांगण्यापेक्षा तुझा माझ्यावर जास्त विश्वास. असा विश्वास कुणी कुणावर ठेवू नये.

शुभा रडली नाही. ती रागावली, आणि रागावली की ती थेट तुझ्यासारखी गप्प होते. झाकण दोन बोटं उघडं ठेवलं, मूठ तिथेच तारेने बांधली. खाली उतरल्यावर एवढंच म्हणाली, "माका सांगून काय उपयोग? मावशी वाडीभर सांगत फिरता, बरां झालां म्हणून."

म्हणून संध्याकाळी मालूकडे गेलो. चालत गेलो, पाच मिनिटांची पाणंद. मालू मागीलदारी आमसुलं पुड्यात भरत होती. तिच्या दोन्ही सुना होत्या, शेजारची एक होती. बरंच झालं. जे चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं होतं.

मी उभ्यानेच सांगितलं. दसऱ्याच्या दिवशी माझ्या हातात हार होता, तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं, सगळं. तुला काही झालं नव्हतं. डॉक्टरनेही सांगितलं होतं. तेराव्याला मी "होय गो" म्हणालो ते खोटं होतं. शेजारीण उठून गेली. सुना खाली बघत होत्या. मला वाटलं, मालू आता शिव्या घालील. तिने घालाव्यात म्हणूनच मी गेलो होतो, हे तुझ्यापाशी कबूल करायला हरकत नाही. दोन शिव्या खाल्ल्या की हलकं वाटतं.

तिने शिव्या दिल्या नाहीत. हातातला पुडा खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे ती धड होती?"

"धड होती."

"आमका सगळ्यांका वळखत होती. अजून धा-पंधरा वर्सां वळखतली होती?"

"होय."

तू गेल्यापासून मालू रडली नव्हती. सगळी कामं तिने उभ्याने केली, आलंगेलं पाहिलं, दुसऱ्यांना गप्प केलं. तिला आधार होता ना, की बहीण वेळेवर सुटली. काल तो मी काढून घेतला. तिने भिंतीला पाठ लावली आणि तोंडात पदर न कोंबता, मोठ्याने, तुझं नाव घेऊन रडायला लागली, तू आत्ताच गेल्यासारखी. सून पाणी घेऊन पुढे आली. मी तिला हाताने थांबवलं.

रडूंदे तिका, म्हटलं. ह्या रडणां सुमनचा आसा.